पांढरा साका

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची अख्खी सुट्टी मी शहराबाहेरच्या शोळिंगनल्लूरच्या दलदलीतलं पाणी बाटल्यांत भरण्यात घालवली. आठवलं की अजून डोकं फिरतं. आमच्या मॅडम दर उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला हाताशी घेऊन संशोधन शिकवायच्या आणि काम पसंत पडलं तर बंगळूरच्या शिबिरासाठी त्याचं नाव पाठवायच्या. मला ते शिबिर हवं होतं. म्हणून मे महिन्यात रोज सकाळी वेस्ट मांबलमच्या घरून दोन बस बदलायच्या, चिखलात उतरायचं आणि चार ठरलेल्या जागांचं पाणी घ्यायचं. पुण्यातल्या मावसबहिणी तेव्हा आंबे खात लोळत होत्या.

बाटलीत दोन औषधं टाकली की पाण्यात प्राणवायू आहे का ते कळतं. असला तर तळाशी तपकिरी साका बसतो, मग किती ते मोजून आकडा लिहायचा; नसला तर पांढरा, म्हणजे शून्य. बाकी तीन जागांवर नेहमी तपकिरी यायचा. तिसरीवर मात्र मधूनच पांढरा. माझंच काहीतरी चुकतंय, असं मी धरून चालले. मॅडमना विचारायची सोय नव्हती, त्यांना धांदरटपणा अजिबात खपायचा नाही.

वही द्यायची वेळ आली तेव्हा तिच्यावर चिखल, खाडाखोड आणि एका पानावर सांबार. आई म्हणाली, "हे असलं ध्यान देणार आहेस मॅडमना?" शाळेपासून आम्हाला पक्की वही द्यायची सवय. दोन दिवस बसून नवी वही लिहिली, तांबडा समास आखला, खाकी कव्हर घातलं. तिसऱ्या जागेची शून्यं तेवढी शेजारच्या आकड्यांकडे बघून बेताबेतानं भरली. कच्ची वही रद्दीत गेली.

मॅडमनी पानं चाळली. "अक्षर छान आहे. मूळ वही कुठाय?"

"रद्दीत दिली."

त्यांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली. "सोमवारी तू गेल्यावर तिसऱ्या जागेचं पाणी मीही घेतलं होतं. शून्य आलं. तुझ्या वहीत पाच आहे."

"मलाही शून्यच आलं होतं, मॅडम. वाटलं, माझा हात चुकला."

"किती वेळा आलं?"

"सात-आठ वेळा."

"कुठल्या तारखांना?"

आता ते काय रद्दीवाला सांगणार होता?

"नाव पाठवत नाही," त्या म्हणाल्या. आवाजही चढवला नाही, त्याचा मला जास्तच राग आला. "उद्या सकाळी दलदलीवर ये."

घरी येऊन आईवर चिडले. ती शांतपणे म्हणाली, "वही चांगली लिही म्हटलं होतं मी. आकडे बदल म्हटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी धुसफुसतच गेले. मॅडम काठावर उभ्या होत्या. तिसऱ्या जागेचं पाणी मी मुद्दाम सावकाश भरलं, औषधं टाकली, बूच लावून बाटली हलवली आणि वाट बघत बसले. साका पांढरा बसला. महिनाभर माझा हात बरोबर होता, आणि मी त्यालाच खोटं पाडलं होतं. नाव पाठवणार नाहीत हे कळलं तेव्हा रडले नव्हते, तिथे चिखलात उभी राहून रडले.