पंधरा मिनिटं

बाईंच्या नावावर एकशे बारा शोधनिबंध होते, पण जग त्यांना ओळखायचं ते एकाच निबंधामुळे. पाणी तुटलं की झाडाच्या पानातलं एक एन्झाइम तिपटीने वाढतं, असं त्यात दाखवलं होतं. चार हजारांहून जास्त संशोधकांनी त्याचा आधार घेतला होता, आणि त्यातला आलेख पाठ्यपुस्तकांत छापून येत होता.

निबंधावर दुसरं नाव होतं त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनीचं. ती सदा तुरुतुरु पळायची, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला खारूताई म्हणत. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. वसतिगृह परवडेना तेव्हा बाईंनी तिला घरीच आणलं, आणि ती चार वर्षं राहिली. बाईंची थोरली बहीण, ताई, तिच्या पोळीवर गुपचूप जास्तीचं तूप घालायची. बाईंनी लग्न केलं नव्हतं. लेक म्हणावं असं कुणी असेल, तर ती हीच.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी एका अनोळखी तरुण संशोधकाचं पत्र आलं. पानं तोडल्यावर किती वेळाने गोठवली होती, एवढंच त्याने विचारलं होतं, तेही फार अदबीने.

बाईंनी जुन्या वह्या काढल्या. पाणी घातलेली रोपं प्रयोगशाळेच्या खिडकीखालीच होती, त्यांची पानं लगेच गोठवली जात. कोरडा वाफा मात्र आवाराच्या पार टोकाला. खारूताई कितीही पळाली, तरी तिथून तोडलेली पानं आणायला पंधरा मिनिटं लागत.

त्यांनी जुन्या प्रयोगशाळेत महिनाभरासाठी एक कोपरा मागून घेतला. भरपूर पाणी प्यायलेल्या रोपांची पानं तोडली, अर्धी लगेच गोठवली, अर्धी पंधरा मिनिटं तशीच ठेवली. ठेवलेल्या पानांत एन्झाइम तिप्पट भरलं. सहा वेळा करून पाहिलं, सहाही वेळा तेच. म्हणजे वाढ तहानेची नव्हतीच, तोडल्याच्या जखमेची होती.

खारूताई आता एका मोठ्या विभागाची प्रमुख होती. बाईंनी तिला फोनवर सगळं सांगितलं.

"बाई, माझ्याकडे नऊ मुलं ह्याच विषयावर पीएचडी करतायत. त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांग."

"तुम्ही निवृत्त झालात. तुमचं काय जातंय?"

"तू जातेयस," बाई म्हणाल्या. "दिसतंय मला."

पलीकडून फोन ठेवला गेला.

ताईने समजावून पाहिलं. झाकली मूठ झाकलीच राहू दे, म्हणाली, पोर तोडू नकोस. बाईंना ते पटत होतं, हीच तर पंचाईत होती. पण नऊ जणांची ऐन उमेदीची वर्षं नसलेल्या गोष्टीमागे जायची होती. खारूताईच्या संमतीसाठी त्यांनी दोन पत्रं लिहिली, दोन महिने वाट पाहिली. मग एकटीच्या सहीने निबंध मागे घेतला. वाफ्यांची जागा मी निवडली होती, विद्यार्थिनीने सांगितलं तसंच केलं, दोष सर्वस्वी माझा, असं मागे घेण्याच्या निवेदनात स्पष्ट लिहिलं.

प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदनाची पत्रं आली. सुतकात कुणी पेढे आणून द्यावेत, तशी ती बाईंना वाटली. खारूताईच्या नऊपैकी चौघांनी विषय बदलला, दोघं सोडून गेले, आणि तिचा मोठा प्रकल्प बंद पडला. त्या वर्षीही शहाऐंशी जणांनी त्या निबंधाचा दाखला दिलाच. बाई प्रत्येकाला पत्र लिहून कळवत राहिल्या.

पुढल्या वर्षी ताई गेली. कुणी कळवलं कोण जाणे, पण खारूताई आली. ताईच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडली. मग ओट्यापाशी उभं राहून तिने आलेल्या माणसांच्या चहाचे सगळे कप विसळले आणि पूर्वीच्याच फळीवर पालथे घातले. कुठली वस्तू कुठे असते ते तिला विचारावं लागलं नाही. बाईंकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

ती चपला घालत होती तेव्हा बाई दारापाशी गेल्या.

"थांबतेस का आजचा दिवस?"

"गाडी आहे माझी," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

बाई आत आल्या. कप अजून ओले होते. त्यांनी ते पुसले नाहीत.