खायला कोण घालतं?

वसुधा गेल्याचे फोन सगळ्यांना मीच केले. ह्यांना जमेना. हे म्हणजे माझे यजमान, वसूचे थोरले भाऊ. तिचा मोबाइल हातात घेऊन ते नुसते बसून राहिले, म्हणून शेवटी मीच तो काढून घेतला आणि एकेकाला कळवत गेले. नातेवाईक पटकन आटोपले, पण मग तिच्या पेशंटांची नावं लागली. ती तरी कशी, तर ‘ब्रूनो खंडाळा’, ‘मोती बेगडेवाडी’, ‘राणी चिक्कीवाले’. माणसांची नावं म्हणून या बाईनं कधी घालूनच ठेवली नव्हती. आता ‘मोती’ला फोन लावून मी काय बोलायचं, सांगा! पलीकडून कुणा बाईनं उचलला. मी म्हटलं, “लोणावळ्याच्या कुत्र्यांच्या डॉक्टर वारल्या हो.” तर ती अशी हमसून रडायला लागली की मीच तिची समजूत घालत बसले. मला स्वतःला तोवर रडायला वेळ मिळाला नव्हता. आता काही आठवडे होऊन गेले, तरी मिळालेला नाही. दमायला मात्र झालंय. सकाळी उठतानाच दमलेली असते मी.

आधीच सांगून टाकते, मला कुत्री आवडत नाहीत. तेव्हाही नव्हती, आजही नाहीत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वसू शाळेत जायची आणि दप्तरातून मांजराची पिल्लं आणायची. पुढे जनावरांची डॉक्टर झाली, बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन गाई-म्हशी बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन शेणाच्या वासानं माझं स्वयंपाकघर भरून टाकायची. मग एक दिवस नोकरी सोडली आणि माझ्या पुढच्या खोलीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना थाटला. माझी पुढची खोली! सोफा गेला, शोकेस गेलं, स्टीलचं टेबल आलं. लोणावळ्याच्या ओलीत आधीच कपडे वाळत नाहीत, त्यात दोरीवर तिचे कुत्र्यांचे टॉवेल. आमटीत केस सापडला की मी ताट आपटायची आणि ती शांतपणे म्हणायची, “वहिनी, स्वच्छ कुत्र्याचा आहे गं.” लग्नाचं विचारलं तर म्हणायची, “तुझा संसार बघून पोट भरलं माझं.” अशी फटकळ नणंद मिळाल्यावर आपणही काही गप्प बसत नाही. आमचं चांगलं जमायचं.

कॅन्सरकडे ती वळली एका भटक्या कुत्रीमुळे. बाजारात चिक्कीच्या दुकानाबाहेर बसायची ती, राणी. भटक्या कुत्र्यांमध्ये एकाचा दुसऱ्याला लागणारा एक कॅन्सर असतो म्हणे, मागच्या बाजूला फुलकोबीसारखी गाठ येते, रक्त गळतं. लोक दगड मारून हाकलत होते तिला. वसूनं दर आठवड्याला शिरेतून इंजेक्शन दिलं आणि ती गाठ विरघळून गेली. दुकानाचा मालक, जो तिला हाकलायचा, तोच पेढे घेऊन आला. त्या दिवसापासून वसूला दुसरं काही सुचेना. ऑपरेशन करून गाठी काढायच्या, त्यातला तुकडा औषधात बुडवून पुण्याला तपासायला पाठवायचा, निकाल आला की रात्र रात्र वाचत बसायचं. पुण्यातली संशोधन करणारी मंडळीही मग तिच्याकडे नमुने मागू लागली. तसल्या तुकड्याची एक बाटली तिनं खिडकीत माझ्या लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवली होती, तेव्हा मी जो आरडाओरडा केला त्याची आठवण गल्लीत अजून निघते. पण ती समजावून सांगायची. कुत्रं आपल्याच घरात राहतं, आपलाच धूर हुंगतं, त्याला गाठीही आपल्यासारख्याच होतात. आपल्यात जे वर्षानुवर्षं चालतं ते त्याच्यात काही महिन्यांत बघायला मिळतं. त्याच्यावरून कळलेलं उद्या माणसाच्या कामी येईल. आणि वर म्हणायची, “फक्त एक फरक आहे. कुत्र्याला केमो देताना हात आखडता ठेवायचा. त्याला उद्याचं काही कळत नाही, म्हणून त्याचा आजचा दिवस खराब करायचा आपल्याला हक्क नाही.”

हे ती म्हणायची, आणि तिच्याच हातून एकदा उलटं झालं.

शिरगावचा शेरा म्हणून एक गावठी कुत्रा होता, तांबडा, दांडगा. त्याच्या गळ्याला, काखेत गाठी आल्या. लिम्फोमा, म्हणजे तसल्या गाठींचा कॅन्सर. शेतकरी घर, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीवर, दर रविवारी गावाला यायचा आणि गाडीत घालून शेऱ्याला आमच्याकडे आणायचा. एरवी आमचा रविवार बंद असतो, पण त्याच्यासाठी वसू उघडायची. फार जीव त्या मुलाचा त्याच्यावर. “डॉक्टर, जे जे करता येईल ते करा.” वसू विचारायची, खाणं कसं आहे? तो मोबाइलवर व्हिडिओच दाखवायचा, शेरा शेपूट हलवत ताटली चाटूनपुसून खातोय. मग वसू खूश होऊन पुढचा डोस द्यायची. असं बरेच रविवार चाललं. मग मधल्याच एका वारी त्या मुलाचे वडील, आबा, एकटेच, जवळच्या बेगडेवाडी स्टेशनावरून लोकलनं आले. धोतर, टोपी, हातात काही नाही. दारात उभे. मी म्हटलं, आबा, कुत्रं कुठंय? म्हणाले, “त्येला उटवंना. म्हनून म्याच आलो.”

पाणी प्यायले, आणि वसूला म्हणाले, “डाक्टरबाई, त्यो रविवारीच खातो. पोरगा येतो म्हनून. त्येची गाडी वाजली का उटतो, नाचतो, समदं खातो. सोमवारी समदं वकून टाकतो. मंग शनवारपातुर तोंड उचलत न्हाई.”

वसू म्हणाली, “आबा, आधी का नाही बोललात?”

“मला कुनी इचारलं?” आबा म्हणाले. रागानं नव्हे हो, साधंच. “पोरगा म्हनतो, तुमी काळजी करू नका, माज्यासमूर खातोय की. त्येचं बी खोटं न्हाई. त्येच्यासमूर खातोयच. आता मी काय करू ते तुमी सांगा, मला काय उमगंना.”

वसू त्यांच्याबरोबरच गेली. परत आली ती अंधार पडल्यावर, आणि न जेवता झोपली. शेऱ्याला तिनं त्याच्या गोठ्यात, आबांच्या मांडीवर झोपवलं होतं, कायमचं. मुलाला फोन करून आधी सांगितलं, तो फोनवर खूप बोलला तिला, तेही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “सहा दिवस जो बघतो त्याला मी विचारलंच नाही, वहिनी. सातव्या दिवशीच्या माणसाला विचारत राहिले.” त्यानंतर कुणीही पेशंट घेऊन आलं, मग तो खंडाळ्याचा बंगलेवाला असो की पवनेकाठच्या वाडीवरचा कातकरी, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. याला खायला कोण घालतं? त्या माणसाला घेऊन या. बंगल्याचे मालक चिडायचे. “कुत्रा माझा आहे.” ही म्हणायची, “असेल ना. पण ताटली कोण ठेवतं?” आणि मग माळ्याला नाहीतर स्वयंपाकाच्या मावशींना घेऊन मालक मुकाट्यानं परत यायचे.

आणि मग कर्म माझं… वसूलाच झाला. पोटाचा. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या खात राहिली, दुसऱ्यांच्या गाठी चिमटीत धरून ओळखणारी बाई. पुण्याला ऑपरेशन झालं, केमो झाली, काही महिने बरे गेले, आणि परत आला. हे तेव्हा तळेगावला एका कारखान्यात जायचे, निवृत्त झाल्यावरही सोडलं नव्हतं, सकाळी जायचे ते दिवेलागणीला परत. आले की हातपाय धुऊन थेट वसूच्या खोलीत. मी मऊ भात, तूप, मेतकूट असं काहीतरी घेऊन जायची आणि वसू उठून बसायची. दादाशी गप्पा मारत, त्याला चिडवत वाटीभर भात खायची. ह्यांचा चेहरा असा खुलायचा! “बघ, आज कालच्यापेक्षा जास्त खाल्लं तिनं.” हे आंघोळीला गेले की मी बादली घेऊन तिच्याजवळ बसायची. सगळं पडून जायचं. दिवसभर तर पाण्याचा घोटही नकोसा. तोंड पुसून देताना ती माझा हात धरून म्हणायची, “दादाला सांगू नकोस हं.” मी काय करणार? मान डोलवायची.

ह्यांनी तोवर मुंबईचं काढलं होतं. नवीन औषध, अजून एक प्रयत्न. पुण्याच्या डॉक्टरांशी एकदा बोलायचं आणि निघायचं, असं ठरवूनच आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी ह्यांना विचारलं, “खाणं कसं आहे त्यांचं?” हे उत्साहानं म्हणाले, “छान. रोज रात्री माझ्यासमोर जेवते.”

मी वसूकडे बघितलं. ती खुर्चीत शालीत गुंडाळून बसली होती, एवढीशी. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, ह्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. दवाखान्यात टेबलापलीकडून ताटली ठेवणाऱ्या माणसाकडे ती जशी बघायची, उत्तराची वाट बघत, अगदी तशी. अगं बाई, हे माझ्यावर का टाकतेस, असं मला ओरडावंसं वाटलं. मी म्हटलं, “डॉक्टर, ती खात नाही. ह्यांच्यासमोर खाते. नंतर सगळं उलटून पडतं. तिला खायला मी घालते, मला माहीत आहे… आता पुरे करा.”

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी वसूला विचारलं आणि ती म्हणाली, “वहिनी म्हणते तसंच.”

परत येताना हे ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही दोघी मागे. देहूरोड मागे पडलं. मग वसू माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, “इतका वेळ लावलास, वहिनी?”

मला असा संताप आला! म्हटलं, “तूच म्हणालीस ना सांगू नको!”

“मी म्हटलं आणि तू ऐकलंस? उभ्या जन्मात कधी ऐकलं नाहीस माझं,” ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी सोमाटण्यापासून घरापर्यंत रडले असते, पण हे पुढे बसले होते.

त्यानंतर वसू थोडेच आठवडे होती. पण बादली नव्हती, सुया नव्हत्या. दुखणं थांबवायचं औषध तेवढं होतं. वाटलं तर चमचाभर सार घ्यायची, नाही वाटलं तर नाही, दादासमोरसुद्धा नाही. हे ताट मागे न्यायचे आणि माझ्या हातात द्यायचे, न बोलता. एका दुपारी खिडकीतून धुकं आत येत होतं, ती म्हणाली खिडकी लावू नकोस, आणि तासाभरानं गेली. शांत गेली. एवढं एक मला माहीत आहे.

ह्यांनी मात्र त्या दिवसाबद्दल, पुण्याच्या त्या खोलीबद्दल, माझ्याशी एक अक्षर काढलं नाही. भांडण असतं तर परवडलं असतं. चहा दे, गॅस संपलाय, लाइट बिल आलंय, एवढंच. मीही विचारलं नाही. मला भीती वाटायची. आपल्या बहिणीला मी मारलं असं ह्यांना वाटत असेल तर काय, हे मनात आलं की हातातलं काम थांबायचं. रात्री जेवायला बसायचे नाहीत. “कँटीनमध्ये खाऊन आलो.” पँट कमरेला सैल झालेली मला दिसत नव्हती का? कँटीनचं डोंबल!

मागच्या आठवड्यात संध्याकाळी घरात कुठं दिसेनात, म्हणून बघायला गेले तर दवाखान्यात होते. दिवा न लावता तिच्या स्टुलावर. त्या खोलीला अजून स्पिरिट आणि ओल्या कुत्र्याचा वास येतो, मी कितीही पुसली तरी. मी दिवा लावला, आत जाऊन ताट करून आणलं आणि काही न सुचून ते स्टीलच्या टेबलावरच ठेवलं. वसू दुपारचं तिथंच जेवायची, स्पिरिटनं टेबल पुसून, आणि मी रोज नाक मुरडायची. पिठलं होतं, भाकरी होती. ह्यांनी ताट थोडं जवळ ओढलं.

मग म्हणाले, “माझ्यासाठी उठून बसायची ना गं ती? तेवढा त्रास काढून…”

“हो,” मी म्हटलं.

“आणि मी अजून वाढ, अजून वाढ म्हणायचो.”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला. त्यांनी डोळे पुसले, भाकरी मोडली, एक घास खाल्ला, मग दुसरा. मी दाराला टेकून बघत उभी होते आणि माझ्या मनात काय चाललंय ते ह्यांना बरोबर कळलं असावं. मान वर करून म्हणाले, “तू बघतेस म्हणून खात नाहीये. भूक लागलीये मला.”

मी आणखी एक भाकरी टाकायला आत गेले.