आईच्या थडग्याला सात देशांचा वळसा

रूल्फ अबिंगने जन्मभर एकच बस चालवली. ड्रेंटे या डच प्रांतातल्या आमच्या गावापासून बाजाराच्या गावापर्यंत, आणि तिथून परत. मध्ये बटाट्याची शेतं, एक कालवा, एक पूल. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते म्हणतात, याची दोन कुंपणांच्या मधली. तरी निवृत्त झाल्यापासून युरोपच्या रस्त्यांबद्दल बोलायचा अधिकार गावात आपल्या एकट्याचा आहे, असं तो धरून चालतो. समोरचा माणूस नुकताच व्हिएन्नाहून आलेला असला तरी त्याला व्हिएन्नाला कसं जायचं ते रूल्फ सांगतो.

मी त्याची शेजारीण. आमच्या दोन घरांत भिंत एकच. पुण्यात शिकले, एव्हर्टशी लग्न करून इथे आले, इथल्या शाळेत निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. एव्हर्ट गेला, मी राहिले. भिंतीपलीकडे खोकला आला तर तो रूल्फचा की त्याच्या बायकोचा, हिलीचा, हे मला झोपेतही कळतं.

मागच्या मे महिन्यात तो सकाळच्या कॉफीला आला. टोपी काढली नाही. म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

"कुमुद, तुला युरोप दाखवतो."

"मी तिथेच राहते, रूल्फ."

"तसं नाही. बेरेंड येतोय कॅनडाहून. त्याला सगळं फिरवून आणायचंय. हिलीचा गुडघा धड नाही. तू मागे बस आणि नकाशा बघ."

"नकाशा गाडीत बोलतो हल्ली."

"बोलतो, पण ऐकून घेत नाही," तो म्हणाला.

बेरेंड हा त्याचा थोरला भाऊ. एकोणिसाव्या वर्षी कॅनडाला गेला, तिथे बेन झाला, गव्हाची शेती वाढवली, आणि पुन्हा फिरकला नाही. आई गेली तेव्हा कापणी चालू होती म्हणून आला नाही. पुढे दरवर्षी कसली ना कसली कापणी चालूच राहिली. आता डॉक्टरने हृदयाबद्दल काहीतरी सांगितल्यावर त्याला आई आठवली. फोनवर तो एकच गोष्ट मागत होता, भिंतीतून मला ऐकू येत होती. मला आईच्या थडग्यापाशी एकदा उभं राहायचंय.

आणि ते थडगं नव्हतं.

आमच्याकडे कबरीची जागा कायमची मिळत नाही. मुदत असते. संपत आली की दफनभूमीची माणसं दगडापाशी एक छोटी पाटी रोवतात, घरच्यांनी येऊन भेटावं म्हणून. घरच्यांना पुढे ठेवायची असेल तर ठेवतात, नाहीतर दगड निघतो, हाडं कुंपणामागच्या सामाईक जागेत जातात आणि कबरीत दुसरं माणूस येतं. गावात कोणी यात वावगं मानत नाही. एव्हर्ट दोन रांगा मागे आहे, म्हणून ती पाटी मी पाहिली, आणि नंतर दगड उचलतानाही पाहिलं. रूल्फ शेजारी उभा होता. "झालं गेलं," म्हणाला आणि सायकलवर बसून जेवायला गेला. त्याचंही मला काही वाटलं नाही. मेलेल्यांसाठी जिवंतांनी किती वर्षं गवत उपटावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पण बेरेंडला त्याने सांगितलं नव्हतं. मला मागे का बसवतोय ते आत्ता कळलं. भावाबरोबर एकटं राहायची त्याच्यात हिंमत नव्हती. मी तरीही गेले. कोमोचं सरोवर मी पाहिलं नव्हतं, आणि माणूस किती खाली जातो हे पाहायलाही मला आवडतं.

विमानतळावर बेरेंड आला तो डोक्यावर रुंद हॅट घालून. बोली मात्र त्याने इथून नेली तेव्हाची, जुनी शेतकऱ्यांची. तशी बोलणारी माणसं आता गावात नाहीत, चर्चमागच्या दफनभूमीत आहेत.

"घरी किती वेळात पोचायचं?" त्याने विचारलं.

"घर शेवटी," रूल्फ म्हणाला. "आधी युरोप. वेळापत्रक ठरलंय."

"मला युरोप काय करायचाय? मला आय बघायचीय."

"आई कुठे जात नाही," रूल्फ म्हणाला आणि सामान डिकीत टाकलं. डिकीत बटाट्यांचं पोतं, गॅसची शेगडी, घडीच्या खुर्च्या आणि काळ्या पावाच्या लाद्या होत्या. आई कुठे जात नाही, हे वाक्य न अडखळता बोलला, ते मी लक्षात ठेवलं.

मग जे सुरू झालं त्याला प्रवास म्हणायची माझी तयारी नाही. बसचा ड्रायव्हर थांब्यावर थांबतो, दार उघडतो, दार लावतो. रूल्फ देशांना तसाच थांबत होता. लक्झेंबर्ग आम्ही पेट्रोलपंपावर पाहिलं. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या चर्चचा कळस एका चौकातून दिसला, त्या चौकाला त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "दोन्ही बाजू बघून झाल्या." स्वित्झर्लंडमध्ये सरोवराकाठच्या पार्किंगमध्ये त्याने शेगडी मांडून बटाटे उकडले. बाजूच्या हॉटेलात लोक मासे खात होते. बेरेंड त्यांच्याकडे बघत होता, मी बेरेंडकडे.

"मी देतो पैशे, चला तिकडं," बेरेंड म्हणाला.

"घरचे बटाटे असताना?" रूल्फला खरंच कळेना.

साडेदहा वाजले की गाडी बाजूला. कॉफी, मग बिस्किटाचा डबा. प्रत्येकाला एक, आणि झाकण बंद. हे आमच्याकडे सगळेच करतात, पण घरात करतात. समोर बर्फाचे डोंगर उभे असताना झाकणाचा तो आवाज ऐकला आणि या माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं.

बेरेंडही काही कमी नव्हता. प्रत्येक डोंगर बघून म्हणायचा, "आमच्याकडं याच्याहून मोठं हायत." प्रत्येक गाय बघून म्हणायचा, "वाळलीय." आणि प्रत्येक देशाच्या नावाच्या पाटीचा फोटो काढायचा, देशाचा नाही. एका आईच्या पोटची दोन मुलं होती, शंका नको.

मात्र रोज जेवताना तो एकदा विचारायचा. "रूल्फ, आयच्या दगडावर कुठलं वचन कोरलंय रं?" रूल्फ मीठ शोधायचा. "फुलं लावलीयत का कडंनी?" रूल्फ उठून टायर तपासायचा. चार चांगल्या टायरांना त्या प्रवासात जेवढ्या लाथा बसल्या तेवढ्या कुणाच्याच गाडीला बसल्या नसतील.

कोमोला पोचलो तर तिथे आमच्या वाट्याला आलं एक बाक आणि अर्धा तास. रूल्फ तिकडे इटालियन माणसाला पार्किंग कसं करावं ते शिकवत होता. बेरेंड माझ्या शेजारी येऊन बसला.

"बाई, तू तिथं जातीस ना नवऱ्याकडं? आयचा दगड बरा हाय का?"

"तुझ्या भावाला विचार."

"त्याला इचारतो रोज."

"मग उत्तर मिळेपर्यंत विचार," मी म्हणाले. सरोवर सुंदर होतं. मला ते शांतपणे बघायचं होतं, आणि हे दोघे आपली आई माझ्या मांडीवर आणून ठेवत होते.

लिश्टेनश्टाइन एका बोगद्याएवढं वाटलं. ऑस्ट्रियात आम्ही गाडीत पेट्रोल भरायलाही उतरलो नाही. परत जर्मनीत शिरलो तेव्हा हिलीचा मला फोन आला. "कुमुद, रूल्फने विमानतळावर सूप घेऊन यायला सांगितलंय. बेरेंडला तिथेच भेटायचं म्हणे, घरी येणार नाहीत. हे काय चाललंय?"

"तुझा नवरा चाललाय," मी म्हणाले. "पळून."

तर असा बेत होता. शेवटच्या दिवशी तडक विमानतळ. बेरेंडने विचारलं की म्हणायचं, वेळच उरला नाही बघ. आईची कबर काढली म्हणून मी कधी याला नावं ठेवली नाहीत. पण ते एक वाक्य बोलायला लागू नये म्हणून जो आल्प्स ओलांडून पलीकडे जातो, त्याला काय म्हणायचं?

म्युन्स्टरच्या पुढे हमरस्त्याकाठी आम्ही शेवटची कॉफी घ्यायला थांबलो. बेरेंड रस्त्यावरच्या पाट्या बघत आला होता. तो खुर्चीत नीट बसला आणि म्हणाला, "आता घराकडं वळायचं."

"वेळ नाही. विमान आहे संध्याकाळचं."

"चौकाला दोन फेऱ्या मारायला येळ हुता."

"बेरेंड, गाडीत बस."

"न्हाई बसत."

रूल्फ उठला, गाडीत बसला, दार लावलं, गाडी सुरू केली. जन्मभराची सवय. ड्रायव्हरने दार लावलं की माणसं धावत येतात, हे त्याने हजारो वेळा पाहिलेलं. गाडी हळूहळू पुढे गेली. बेरेंड हलला नाही. मी बिस्किट खात होते, मीही हलले नाही. गाडी पार्किंगच्या टोकाला गेली, आणि तिथून मागे वळता येत नाही. ते जर्मनीतल्या कुठल्याही शाळकरी पोराला माहीत असतं, युरोपच्या रस्त्यांच्या जाणकाराला नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत तो हमरस्त्याला लागला आणि दिसेनासा झाला. आता पुढच्या फाट्यापर्यंत जाणं, उलट दिशेने मागच्या फाट्यापर्यंत येणं, आणि मग पुन्हा इकडे. मी डबा उघडून बेरेंडपुढे धरला. त्याने तीन घेतली.

"गेला वाटतं," तो म्हणाला.

"येईल. दुसरं काही जमतच नाही त्याला."

"आय तिथं न्हाई, व्हय ना?"

इतके दिवस तो दगडाबद्दल विचारत होता, आईबद्दल आज विचारलं. मी सांगून टाकलं. "मुदत संपली. रूल्फने पुढे ठेवली नाही. तिथे आता दूधवाल्याची बायको आहे."

"मग आय कुठं हाय?"

"कुंपणामागे. सगळ्यांची मिळून एक जागा आहे."

"सगळ्यांची म्हंजे कुणाची?"

"ज्यांच्याकडे कोणी येत नाही त्यांची."

त्याने हातातलं उरलेलं बिस्किट परत डब्यात ठेवलं. ठेवायलाच हवं होतं.

रूल्फ आला तेव्हा शर्ट भिजलेला होता. "बसा. फार उशीर झाला."

"कुमुदनं सांगितलं," बेरेंड म्हणाला.

रूल्फने माझ्याकडे पाहिलं. "तुला नकाशा बघायला आणलं होतं."

"गप्प बसायला आणलं होतंस. तसं आधी सांगायचं, मी आलेच नसते."

मग तो भावावर उसळला. "दर शनिवारी पाण्याचा डबा घेऊन कोण जात होतं? तू? थंडीत दगडावरचं शेवाळ कोण घासत होतं? तू नाताळला कार्ड पाठवलंस. ट्रॅक्टरचा फोटो असलेलं. मी कंटाळलो, बेरेंड. एकट्याने मुलगा व्हायचा कंटाळा आला मला."

"मग सांगायचं हुतं."

"तू विचारलंस कधी?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघांचीही मला चीड आली. बेरेंड उठला, खुर्ची घडी करून डिकीत ठेवली, बटाट्यांच्या पोत्यावर. "गाडी घराकडं घे. विमान गेलं तर जाऊ दे."

 वाटेत गाडीतला नकाशा विमानतळाकडे वळा, वळा म्हणत राहिला, शेवटी मी पुढे वाकून त्याचं तोंड बंद केलं.

दफनभूमीत पोचलो तेव्हा ऊन होतं. रूल्फ पुढे निघाला, कुंपणाच्या कडेने गेला, परत आला, पुन्हा गेला. आत जायची फटच त्याला सापडेना. आईला तिथे ठेवल्यापासून तो एकदाही आला नव्हता.

"इकडून," मी म्हणाले.

आत नुसतं गवत, कापलेलं. एक बाक. बेरेंडने हॅट काढली, रूल्फने टोपी. बेरेंडने फोन वर केला, फोटो काढायला, आणि कशाचा काढायचा ते न कळून खाली केला.

"डोकं कुणीकडं आसंल?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," रूल्फ म्हणाला. या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. मग तो म्हणाला, "हिलीला सांगतो, सूप घरीच ठेव. विमान उद्याही असेल."

बेरेंडने मान हलवली. दोघे तसेच उभे राहिले, फटीच्या अगदी तोंडाशी, खांद्याला खांदा लावून, आणि बाहेर जायची वाट तेवढी एकच. मला कुंपणापलीकडे एव्हर्टकडे जायचं होतं, इतक्या दिवसांत तिथे गवत माजलं असणार. "जरा सरका," मी म्हणाले. सरकले नाहीत. शेवटी मी त्या दोघांना कोपराने बाजूला केलं आणि गेले.