झोपेत उमटलेले सुळके

त्या वर्षांत मी बडनेऱ्याहून रोज पॅसेंजरने अकोल्याला जायची. तिथल्या एका दवाखान्यात मेंदूचा आलेख काढायचं काम करायची. पेशंटच्या डोक्याला पेस्टनं तारा चिकटवायच्या, मशीन सुरू करायचं आणि कागदावर पेनं काय काढतात ते बघत बसायचं.

एकदा बाळापूरकडचं एक जोडपं आलं. कपाशी परवडेना म्हणून त्यांनी शेतात झेंडू लावला होता. बायकोला फिट यायची, पण फक्त झोपेत. सकाळी तिला काही आठवायचं नाही. जीभ तेवढी चावलेली असायची.

"मले काईच होत नाई, मॅडम. हेच उगाच घाबरून राह्यले," ती म्हणाली.

तिचा आधी जागेपणी काढलेला आलेख अगदी स्वच्छ होता. म्हणून तपासणीत झोप लागावी यासाठी डॉक्टरांनी या वेळी रात्रभर जागून यायला सांगितलं होतं. पण टेबलावर आडवी झाल्यावर तिचा डोळा लागेना. शेवटी नवरा स्टूल ओढून जवळ बसला आणि हळू आवाजात शेतातलं सांगू लागला. कोणत्या वाफ्याला पाणी दिलं, कुठं गवत माजलं. दहा मिनिटांत तिचा श्वास लांबला.

कागदावरच्या जागेपणाच्या एकसारख्या लहरी विरल्या. आधी डुलकीच्या मंद रेषा आल्या, मग झोप लागल्याचे बारीक झुपके. त्यांच्या मागोमाग मेंदूच्या डाव्या बाजूची पेनं टोकदार सुळके काढू लागली. झोप गाढ होत गेली तसे ते वाढले. ती मात्र शांत निजली होती.

फिटची ही खूण मी नवऱ्याला बोटानं दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. "म्हंजे मी खोटं नोतो बोलत," तो पुटपुटला.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांनी दोघं पुन्हा आले, तोवर एकही फिट आली नव्हती. या वेळी ती आपली आपणच झोपली. सुळके क्वचितच उमटले, पण सगळीकडे बारीक, वेगवान लहरी दिसत होत्या.

उठल्यावर तिनं कागद निरखला. "हे नवीन काय आलं?"

"तो गोळीचा परिणाम. काही गोळ्यांनी असं दिसतं, भ्यायचं नाही."

"मंग आता गोळ्या बंद करू?"

"नाही हो! गोळ्या घेताय म्हणून तर सुळके कमी झालेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवायची नाही."

तिनं मान डोलावली. नवऱ्याला हे सांगावं म्हणून मी वळले, तर तो भिंतीला डोकं टेकून घोरत होता.

"उठवू नका त्याईले," ती म्हणाली. "दोन वर्सं माह्याकडे पाहत जागत होते."

बाहेर पुढचा पेशंट नव्हता. ती त्याच्या शेजारी बसून केसांतली वाळलेली पेस्ट सावकाश काढत राहिली, आणि मी खोलीतला दिवा मालवला.