खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

"मशीनले आज हात नको लावजो. कातड्याचे हात आहेत तुझे."

माझे गाईड असलेले सर हे सगळ्यांसमोर बोलले. हसत बोलले. खंडेनवमी होती. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात त्या दिवशी लॅबमधल्या मशीनांची पूजा होते. मायक्रोस्कोपला हळदकुंकू, वजनकाट्याला झेंडू, आणि यंदा नव्या फ्रीझ ड्रायरला, नमुने गोठवून सुकवणाऱ्या मशीनला, मोठा हार. मी दारातच थांबले. हात धुऊन येऊ का, असं विचारणार होते मी. त्याचाच मला अजून राग येतो.

हात कातड्याचे होते, हे खरं. जखम भरायला मदत करणारा कोलॅजनचा स्पंज आम्ही बनवतो, आणि कोलॅजन काही आभाळातून पडत नाही. खाटकाकडून बकऱ्याचं कातडं आणायचं, केस काढायचे, चरबी खरवडायची, मग तुकडे आम्लात विरघळवायचे. हे सगळं मागच्या मोरीवर. आणि ते काम माझं. कोणी ठरवलं? पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं होतं, वडील काय करतात. आर्वीच्या एसटी डेपोसमोर चपला शिवतात, मी सांगितलं. तेव्हापासून. पल्लवी माझ्यासोबतच पीएचडीला लागली, पण तिने कातड्याला बोट लावलेलं मी पाहिलं नाही. पाहुणे आले की पांढराशुभ्र स्पंज दाखवायला मात्र तीच पुढे.

पण त्या दिवशी मशीनच्या आत जे होतं ते माझं होतं. कोलॅजनचे धागे सुटे राहिले तर स्पंज जखमेत लवकर विरघळतो. म्हणून धागे एकमेकांना बांधायचे. हेच क्रॉसलिंकिंग. कमी बांधले तर टिकत नाही, फार आवळले तर पेशी आत शिरत नाहीत. तो मधला मेळ कितीदा फसल्यावर मला साधला होता. ते सगळे नमुने आत गोठून सुकत होते. माझी पीएचडी त्यांच्यावर अडली होती.

आणि सरांनी मशीन बंद केलं. खंडेनवमीला हत्याराला विश्रांती.

मी दारातून म्हटलं, सर, आत नमुने आहेत, वितळतील. सरांनी हातानेच गप्प केलं. आरती झाली. फोटो झाले. मी बाहेरच.

दुपारी मशीन उघडलं. बशीत स्पंज नव्हता. चिकट, पिवळट पापुद्रा होता. सरांना दाखवलं, तर माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, "मंग काय झालं? पुन्हा कर. खरवडणं तर तुमच्या घरचंच काम आहे."

पल्लवी हसली. मग खाली पाहू लागली.

मी पेढा टेबलावर ठेवला. मोरीवर गेले. कातडं भिजत घातलेली बादली उचलली आणि हार घातलेल्या मशीनसमोर आणून ठेवली. सगळे मागे सरकले. वास होताच.

"सर, आतमधी हेच होतं. याचीच पूजा केली तुम्ही. आता मी एकटी नाई खरवडणार. पाळी लावा. मी, पल्लवी, आन तुम्ही बी."

सर म्हणाले, जमत नसेल तर गाईड बदलून घे. पल्लवीने नंतर बाहेर गाठलं. काऊन वाढवून राह्यली, म्हणाली, तुझंच नुकसान होईन. जसं काही आजवर माझा फायदाच चालला होता.

गाईड मी बदललेला नाही. बादली आता मोरीवर जात नाही, लॅबच्या मधल्या टेबलावर असते. पाळी कोणी लावली नाही, पण माझ्या पाळीचं तेवढं मी खरवडते. बाकीचं तसंच पडतं, कुजतं. कोलॅजन कमी पडतं, सगळ्यांचे प्रयोग अडतात. अडू देत. सर माझ्या थीसिसवरची सही अडवतील, वर्षं खातील, हे मला कळतं. तरी मी इथून हलणार नाही. ज्याला वास येतो, त्याने बाहेर जावं.