तारीख उलटलेलं आमंत्रण

आठ वर्षांनी मी माझ्या घराचा उंबरा ओलांडला तो आमच्या घरमालक नानांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांची जी थट्टा करणार आहे ती वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. परगावी मुक्काम कुठे करावा, या एका विषयात नानांइतका जाणकार माणूस उभ्या धुळे-जळगावात झाला नाही आणि, लॉजवाल्यांच्या सुदैवाने, पुन्हा होणारही नाही. देव कोणता, डोंगर कोणता, समुद्र किती खोल, याची नानांना फिकीर नसे. "बघायचं ते दोन तासांत बघून होतं. ऱ्हायचं कोठे, ते सांग," असं ते म्हणत.

नानांची सारी नोकरी धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका कापड दुकानात गेली. या माणसाला खोटं बोलता येत नसे, आणि कापडाच्या दुकानात तो मोठाच आजार. गिऱ्हाईकाने साडी खांद्यावर टाकून आरशात पाहिलं की नाना मागून शांतपणे सांगत, "पहिल्या धुण्यात रंग जाईल, ताई. दुसऱ्यात साडी." शेवटी मालकांनी त्यांना कापड मोजायला बसवलं आणि गिऱ्हाईकाशी बोलायचं नाही अशी अट घातली. नाना बोलायचे थांबले, पण वाईट कापड मोजताना असा काही सुस्कारा टाकत की गिऱ्हाईक आपणच उठून दुसरं ठाण मागे. यामुळे दुकान बसायला हवं होतं, झालं उलटंच. शिंदखेड्यापासून मुक्ताईनगरपर्यंतची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला येत आणि पहिला प्रश्न विचारत, "ते सुस्कारेवाले नाना आहेत ना?" मग घरी कार्य निघालं की त्यांना पत्रिका यायचीच. त्या सगळ्या पत्रिका नानांनी एका जाड तारेला ओवून माजघरात टांगल्या होत्या. दुरून पाहिलं तर केळीचा घड लटकल्यासारखा वाटे. हळदीच्या बोटांचे डाग पडलेले गणपती त्यात एकावर एक दाटीने बसलेले.

आणि या घडातूनच नाना मुक्काम निवडत. त्यांचं शास्त्र सरळ होतं. पत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार अगत्याने येणे करावे' असं छापलेलं असतं; ते कुणी मागे घेतल्याचं आजवर छापून आलेलं नाही. "तारीख गयी म्हणीसन आमंतरन जास का भो?" असं ते मला विचारत. सुरतेला एका घरी ते लग्नानंतर सात वर्षांनी, सातही वर्षं जपलेली पत्रिका हातात धरून गेले, तेव्हा दार उघडायला नवऱ्या मुलीची पहिलीतली लेक आली. नाशकात तर पत्रिकेवरचा पत्ता घराचा नसून मंगल कार्यालयाचा निघाला. तिथे त्या दिवशी भलत्याच कुणाचं लग्न. मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे, आणि दोन्हीकडच्यांनी आग्रह करकरून जिलेबी वाढली. निघताना मात्र नानांना राहवेना. ते मुलीच्या बापाला गाठून म्हणाले, "आम्ही तुमचे कोणीच नाही. पण जेवण चांगलं होतं," आणि आहेर देऊन आले. त्या घरातल्या पुढच्या दोन्ही लग्नांच्या पत्रिका तारेला आहेत. त्यांच्या बायकोला, अक्कांना, या साऱ्याचा मनापासून वैताग. "स्वर्गमा न्यावाले येतीन तव्हयबी तुम्ही आधी पत्रिका मांगशात!" असं त्या म्हणत आणि दशम्या बांधायला घेत.

मी या घरात भाडेकरू म्हणून आलो तो मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायच्या, कामाला. माझं गाव मुंबईच्या पलीकडे, खाडीकाठचं. वडील मिठागरावर मुकादम. नववीत नापास झालो आणि ओळखीच्या माणसामागून इथे आलो. पहिल्या दिवशी नाना मला खोली दाखवताना म्हणाले, "पानी शे, लाईट शे, शेजार शे," आणि अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे' हे ठाऊक नसल्याने मी घाबरून सगळं शेकड्यांत मोजत बसलो. चांगल्या लोकांत राहायला मिळालं, हाताला काम मिळालं; पण एक गोष्ट मी फार वाईट करून ठेवली होती. वडिलांना नापास मुलाची लाज वाटत असेल या भीतीने मी घरी लिहिलं, की मी बाहेरून दहावी झालो आणि धुळ्यात डिप्लोमाला लागलो. खोटं एकदा लिहिलं की त्याला परीक्षा द्याव्या लागतात. डिप्लोमा तीन वर्षांचा असतो हे मला उशिरा कळलं, म्हणून दुसऱ्या वर्षात मी स्वतःला दोन वर्षं ठेवलं. मग संप झाला असं लिहिलं, मग अभ्यासक्रम बदलला असं लिहिलं. घरी जावं तर पुस्तकं कुठायत म्हणून विचारतील, या धास्तीने गेलोच नाही. पाचव्या वर्षी सख्ख्या बहिणीचं लग्न झालं तेव्हाही परीक्षा आहे असं कळवलं आणि त्या दिवशी शिरपूरच्या एका शेतातल्या विहिरीवर पंप उतरवत बसलो. पंप पाण्यात आणि मी घामात.

आठव्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत नानांची नातवंडं जळगावहून आली. नात दहा वर्षांची, नातू सातचा. मुंबईच्या खाडीपलीकडे, माझ्याच गावाजवळ, पाळण्यांचं एक भलंमोठं उद्यान तेव्हा नवंनवं झालं होतं आणि टीव्हीवर दर चित्रहारला त्याची जाहिरात लागे. पोरांनी आल्याआल्या धोशा लावला. नाना लगेच कबूल झाले, कारण त्यांना उद्यानात रस नव्हता, मुक्कामात होता. त्यांनी तार खाली उतरवली आणि घरात सभा बसली.

नातीला लिफ्ट असलेलं हॉटेल हवं होतं. "आणि नळाला गरम पाणी," ती म्हणाली.

"मे महिन्यात?" नाना म्हणाले. "आपल्या धुळ्यात दोन्ही नळांले गरमच येस. त्यासाठी मुंबई कशाले?"

अक्कांना स्टोव्ह पेटवू देतील अशी जागा हवी होती, कारण ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवाचून नानांचा दिवस उगवत नाही. नातवाला खिडकीतून पाळणा दिसायला हवा होता. मला यातलं काहीच नको होतं. मला फक्त माझं गाव कुणाच्या डोक्यात यायला नको होतं. म्हणून मी एका गिऱ्हाईकाकडून त्या बाजूच्या एका लॉजचं रंगीत पत्रक मुद्दाम मिळवून आणलं होतं. ते मी नानांपुढे ठेवलं आणि लॉजची अशी तारीफ केली की जणू माझा जन्म तिथलाच.

नानांनी चष्मा पुसून पत्रक वाचलं. "‘खोली सोडण्याची वेळ, दुपारी बारा.’" त्यांनी पुन्हा वाचलं आणि अक्कांकडे पाहिलं. "ऐन जेवणाच्या वख्ताले पाहुण्याले उठाडतस! आणि तेबी छापीसन!" पाहुणा आला नाही तोवर त्याची जायची वेळ लिहून ठेवणारा यजमान नानांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पत्रक त्यांनी नातवाला होडी करायला दिलं.

मग मुंबईच्या पत्रिका एकेक तपासल्या गेल्या. दादरची बाद झाली, कारण तिच्यात 'यावे ही विनंती' होतं, 'येणे करावे' नव्हतं. "विनंती सरकार करस. घरचा मानूस या म्हणस." कल्याणच्या पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' होतं, म्हणजे माणसं तुसडी. ठाण्याच्या लोकांना नानांनी बस्त्याच्या वेळी सांगितलं होतं की नवरदेवाच्या कोटाचं कापड आखडेल. त्यांनी ऐकलं नव्हतं. आता ते बिचारे तोंड कसं दाखवणार? पत्रिका संपत चालल्या तसा मी मनातल्या मनात नवस बोलू लागलो. आणि तारेच्या अगदी आतल्या टोकाकडून नानांनी एक पिवळी पत्रिका सोडवली. खाली छापलं होतं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' त्याच्या बाजूला, पेनाने, वाकड्या अक्षरात: 'घरमालक यांस. आमच्या मुलाला तुम्ही सांभाळता. सर्वांनी अगत्याने येणे करावे.'

ते अक्षर माझ्या वडिलांचं होतं. बहिणीच्या लग्नाची मला आलेली पत्रिका मी गादीखाली लपवली होती. नानांना वेगळी गेली असेल आणि त्यांनी ती मला न सांगता तारेला ओवून टाकली असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"येणे करावे शे. अगत्य शे. पोरंसोरंबी बलावतस," नाना म्हणाले. "हाई पक्कं."

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना गच्चीत गाठून सगळं सांगितलं. म्हटलं, "नाना, घरी विचारलंच, तर एवढं सांभाळून घ्या."

त्यांनी दोरीवरच्या पंच्याची काठाला काठ लावून घडी घातली. मग म्हणाले, "कापडापायी खोटं नही बोलनू रे कधी. मानसापायी बोलू?" आणि खाली गेले. त्या प्रवासात गाडीत सगळे गात होते आणि मी कसाऱ्याचा घाट संपूच नये म्हणून बसलो होतो.

खाडी ओलांडून आम्ही भर दुपारी घरी पोचलो. बाहेर वडील सुपारी कातरत बसले होते. केस साफ पांढरे. नाना पुढे झाले, पत्रिका दोन्ही हातांनी पुढे धरली आणि ठेवणीतल्या दुकानी मराठीत म्हणाले, "आम्ही लग्नाला आलो. जरा उशीर झाला."

वडिलांनी पत्रिका पाहिली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पत्रिका पाहिली. "काही उशीर नाही," ते म्हणाले. "पंगत बसायचीच आहे अजून. या."

बहीण माहेरपणाला आलेली होती, कडेवर मूल. आई माझ्या तोंडावरून हात फिरवत रडत होती आणि मधेच अक्कांना पाणी देत होती. नानांनी बहिणीला आहेराची साडी दिली आणि लगेच बजावलं, "लाल रंग आहे, थोडा सुटेल. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात बुडवून काढ."

"मिठाला काय तोटा आमच्याकडे," वडील हसले. मग अडकित्ता खाली ठेवून त्यांनी तो प्रश्न विचारला. "आणि आमच्या कापडाचं काय, नाना? शिकतंय कसं? रंग पक्का आहे ना?"

माझ्या कानांत मोटार जळावी तसा आवाज होऊ लागला. मोजपट्टीवाचून नानांचे हात, काय करावं ते कळेना म्हणून, नुसतेच मांडीवर फिरत होते. आता सुस्कारा येणार, असं मला वाटलं. आला नाही. त्यांची दुकानी मराठी मात्र पळून गेली. "माल अस्सल शे, दादा," ते म्हणाले. "लेबल तेवढं चुकीचं लागी गयं."

वडील उठून आत गेले. परत आले ते माझ्या पत्रांचा गठ्ठा घेऊन. एकेक आंतर्देशीय पत्र त्यांनी उजेडात धरलं. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा पिवळा-तपकिरी ठसा. मोटारीच्या तारांना लावायच्या वार्निशचा, धुऊन न जाणारा. "डिप्लोमाला वार्निश लागतं का, हे मी पहिल्याच वर्षी मास्तरांना विचारलं होतं," वडील म्हणाले. "लेबल तेव्हाच निघालं. तूच येईनास." एवढं बोलून त्यांनी माळ्यावरून धूळ बसलेला टेबलफॅन काढला. बहिणीच्या लग्नाच्याच दिवशी जळालेला. तीन वर्षं कुणाला दुरुस्तीला दिलेला नव्हता. तो माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "बघ, काय झालंय."

मी स्क्रू काढायला बसलो. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून नातवाने स्क्रू झेलले.

दुसऱ्या दिवशी उद्यानात गेलो. वडील ते उभे राहिल्यापासून त्या पाळण्यांचे दिवे लांबून बघत होते, आत कधी गेले नव्हते. नानांनी त्यांना ओढून नेलं. पोरं आकाशात किंचाळत होती आणि खाली दोन म्हातारे गोल फिरणाऱ्या कपात समोरासमोर बसून, एकमेकांचे गुडघे धरून, मिठाचा भाव आणि मांजरपाटाचा पोत यावर बोलत होते. नातीला मी विचारलं, लिफ्ट नाही मिळाली, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "पण इथे कुणी बारा वाजता उठवलं नाही."

आता नाना धुळ्यात नसतात. मुलाकडे, जळगावला असतात. कानांनी ऐकू कमी येतं, गुडघे प्रवास करू देत नाहीत. मागच्या खेपेला गेलो तर तार तशीच खुंटीला होती; एकेक पत्रिका हाताने चाचपून ते गावं आठवत बसले होते. "आते कोन बलावस रे," म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा कापडाशिवायचा सुस्कारा ऐकला.

रिवाइंडिंगचं माझं स्वतःचं दुकान आता धुळ्यातच आहे आणि राहणं अजून भाड्याच्याच खोलीत. पण इथल्याच देवपुरात दोन खोल्या बांधायचं मी मनाशी धरलं आहे. त्या झाल्या की छापखान्यात जाऊन मी एक पत्रिका छापून घेणार आहे, एकच प्रत. वर गणपती, खाली माझा पत्ता, मधे 'सहकुटुंब सहपरिवार अगत्याने येणे करावे'. तारखेची जागा कोरी ठेवायला सांगेन. ती घेऊन मी स्वतः जळगावला जाईन, नानांच्या तारेला ओवीन, आणि त्यांना गाडीत घालून घरी आणीन. जायची वेळ कुठेही लिहिलेली नसेल.