खिळ्याला टांगलेला आवाज

माझी सून खेळ बघून पगार घेते, हे सांगायची मला पहिली दोन वर्षं लाज वाटायची. शेजारणीनं विचारलं, की "कॉम्प्युटरवर असते" म्हणायची आणि विषय बदलायची. खरं काम असं, की ऑनलाइन दुकानात विकायला येणारे व्हिडिओ गेम ती आधी तपासते. त्यातले मारधाडीचे, रक्ताच्या चिळकांड्यांचे सगळे हिच्याच गळ्यात. हरकत नसेल तर हिरवी खूण, असेल तर लाल. ऑफिसातले तिला 'चाळणी' म्हणतात. तिला राग येत नाही, मला येतो.

काम घरूनच, मधल्या खोलीत, माझ्या पलंगाशेजारच्या टेबलावर. समोर सतरा प्रश्नांचा कागद. रक्त दिसतं का, हातपाय तुटतात का, प्रेतं दिसतात का, असलं सगळं. पडद्यावर माणसं कापली जातायत आणि ही बाई मांडीवर ताट घेऊन मटार सोलतेय! मी एकदा म्हटलं, "अगं, तुला काहीच कसं होत नाही?"

"आवाज ऐकत नाही ना, आई." तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला हेडफोन लटकत होता. "आवाज नसला, की नुसती बाहुल्यांची पडापड. आमच्यात सगळे असंच करतात. पहिल्याच दिवशी जुन्या बाईंनी सांगितलं होतं, कान सांभाळ, नाहीतर महिनाभर टिकणार नाहीस."

मला पटलं. एकतीस वर्षं मी अपघात विभागात आयाचं काम केलंय. रक्ताचं काय घेऊन बसलात, पुसलं की जातं.

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. दिवसभर बसून बसून जीव आंबला. एका दुपारी सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. खिळ्यावरून बारीक किणकिण येत होती. म्हटलं, गाणंबिणं असेल, आणि हेडफोन कानाला लावला.

आधी किल्ली फिरल्याचा आवाज आला. मग एक माणूस म्हणाला, "नको. नको हो, पाया पडतो." पुन्हा किल्ली. तो किंचाळला, आणि टिंग! बक्षिसाची घंटा. जितका तो जास्त विनवी, तितक्या जास्त घंटा. शेवटी तो "आई, आई" करायला लागला आणि घंटांचा नुसता पाऊस पडला. मी हेडफोन काढून फेकला.

सून येऊन मटारचं ताट मांडीवर घेऊन बसली, तशी मी विचारलं, "काय दिसतं गं ह्या खेळात?"

"काहीच नाही. एक बंद दार, किल्ली आणि वर गुणांचे आकडे. सतराच्या सतरा उत्तरं 'नाही'. सकाळीच हिरवी दिली, उद्यापासून विक्री. किल्ली खेळणाऱ्यानं फिरवायची असते, हा नमुन्याचा डाव आपोआप चालू राहिलाय."

"हे घाल कानात."

तिनं घातलं. मांडीवरचं ताट कधी कलंडलं, तिला कळलं नाही. मटार पार पलंगाखाली गेले.

संध्याकाळी लेकाची आणि तिची जुंपली. तो म्हणाला, "मोठी माणसं आपल्या पैशानं घेतात. सिनेमात खून होत नाहीत? आईच रोज जेवताना खुनाची मालिका बघते."

बघते की. खोटं कशाला बोलू?

"आणि कळवायचं म्हणजे काय कळवणार?" तो पुढे म्हणाला. "की चार वर्षं आवाज न ऐकताच खुणा केल्या? नोकरी जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. त्याला निम्मंच काम मिळतं, घर हिच्या पगारावर चालतं. सून माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही सांगा. काय करू?"

मालिकेतला खून मी नुसता बघते. इथे किल्ली आपल्याच हातात, एवढं कळत होतं. आणि सारखा आमचा विभाग आठवत होता. ऐंशी-ऐंशी वर्षांचे म्हातारे, हाड मोडलं की आईला हाका मारायचे. आई जाऊन चाळीस वर्षं झालेली! हाक आली की आम्ही फडकं टाकून जायचो आणि हात धरायचो. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आणि हे दुकान काय विकणार होतं? त्याच हाकेला किल्ली आणखी पिळायची सवय.

हे मी जमेल तसं बोलले आणि म्हटलं, "पण नोकरी तुझी आहे. तुझं तू ठरव."

तिनं तिथेच साहेबांना लिहिलं. लपवाछपवी नाही, 'चार वर्षं मी आवाज न ऐकता खेळ तपासले. ही खूण मागे घेते.'

नोकरी गेली नाही. साहेब गोड बोलले, खेळ थांबवला, कागदावर आवाजाचा अठरावा प्रश्न आला. आणि मग म्हणाले, आधी हिरवे केलेले चारशे बारा खेळ पुन्हा तपासा, आवाजासकट. करावं तसं भरावं! ऑफिसातले सगळे हिच्यावर उखडले, कारण आता त्यांनाही ऐकणं आलं. आणि तो किल्लीचा खेळ आठवड्यात दुसऱ्या एका ऑनलाइन दुकानात लागला. लेकानं दाखवला. मी शिव्या हासडल्या, दुसरं काय करणार?

सून रोज ऐकते. बरेचसे खेळ पुन्हा हिरवेच करते. "लढाई आहे आई, कळतं ते," म्हणते. पण मटार सोलत नाही आता. जेवण अर्धं झालंय तिचं. मीच तिच्या कानात ते घातलं, हे मला दिवसातून दहा वेळा आठवतं.

परवा दुपारी पाणी घ्यायला उठले आणि पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली. "आई गं!" ओरडले मी, जोरात. सून पांढरीफटक पडून वळली. हेडफोन ओढून टाकला, खुर्ची लाथाडली आणि माझ्यापुढे बसून माझा हात घट्ट धरला.

"अगं, नडगी आपटली नुसती," मी म्हटलं. "जा, तुझा खेळ चालू आहे."

"असू दे," ती म्हणाली.

हेडफोन जमिनीवर पडून किणकिणत होता. तिनं हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.